फॉर्मॅलिनला पर्याय आहे का? बायोप्सीचे नमुने जपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पॅथॉलॉजी लॅबमधले तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवणारे सर्जन यांच्यासाठी आहे. ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून बघण्याच्या, टेबलाशी डोळे चोळत उभा असलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, "या फॉर्मॅलिनऐवजी दुसरं काही नाही का?" आहे. पण कुठलं, हे तुकडा कशाचा आहे आणि त्यावर पुढे कोणती तपासणी व्हायची आहे यावर ठरतं. एवढं धरून पुढचं वाचा.

१. आपण वापरतो ते "१०% फॉर्मॅलिन" म्हणजे फॉर्माल्डिहाइड नक्की किती?

जेमतेम ४%. बाजारातून कॅनमध्ये येतं ते तीव्र फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, की झालं १०% फॉर्मॅलिन. कॅनमध्ये १० ते १५ टक्के मिथेनॉल आधीच घातलेलं असतं. तरीही थंडीत तळाशी पांढरा साका बसतो, तो पॅराफॉर्माल्डिहाइडचा.

नऊ भाग नळाचं पाणी ओतून मोकळं होणाऱ्यांची संख्या अजून बरीच आहे. ते टाळा. एका लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घातलं की ते न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन होतं. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे हे क्षार, नसेल तर ठेवल्या ठेवल्या त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होत जातं आणि प्लीहेसारख्या रक्ताळ तुकड्यांत काळपट तपकिरी कण बसतात. नवख्या डोळ्यांना ते मलेरियाचं पिगमेंट वाटतं. फॉर्मॅलिन बदलण्याचा विचार करणाऱ्या निम्म्या लॅबनी आधी बफर घालून बघावा, असं माझं मत आहे.

२. फॉर्मॅलिन तुकड्याचं नेमकं करतं काय?

शरीरातून काढलेला तुकडा लगेच सडायला लागतो. पेशींमधलीच एन्झाइम्स पेशींना खाऊ लागतात, मग जंतू येतात. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना चिकटतं आणि शेजारशेजारच्या प्रथिनांमध्ये पूल बांधतं. त्या जाळ्यात सगळं जागच्या जागी अडकून राहतं. यालाच फिक्स होणं म्हणतात, आणि ते करणारं द्रावण म्हणजे फिक्सेटिव्ह.

हे हळू चालतं. द्रावण आत शिरायचा वेग सुरुवातीला तासाला सुमारे १ मिलिमीटर असतो आणि आत जाईल तसा मंदावतो. शिरल्यावर प्रत्यक्ष पूल बांधायला आणखी तास लागतात. म्हणून न कापता आख्खी डब्यात टाकलेली स्तनाची गाठ दुसऱ्या दिवशी चिरली तर बाहेरून राखाडी, घट्ट आणि मध्ये लालसर, मऊ निघते. तो मधला भाग फिक्स झालेलाच नसतो, आणि त्याच भागातून ब्लॉक (मेणात बसवायचा तुकडा) घेतला तर पुढे स्टेनिंगला दोष देऊन उपयोग नसतो.

हा गुण फ्रँकफुर्टच्या फर्डिनांड ब्लूम या डॉक्टरला १८९३ मध्ये लक्षात आला. फॉर्मॅलिनचा जंतुनाशक म्हणून वापर तपासताना त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली होती.

३. मग अडचण कुठे आहे?

दोन ठिकाणी. पहिली माणसांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. आधी नाकामागच्या घशाचा कर्करोग, पुढे ल्युकेमियाही त्यात आला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१६ पासून त्याला "१ ब" वर्गातला कर्ककारक ठरवलं, आणि तेव्हापासून पर्यायांच्या शोधाला जोर आला. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमानुसार आठ तासांच्या सरासरीत हवेत ०.७५ पीपीएम आणि कुठल्याही पंधरा मिनिटांत २ पीपीएम ही कमाल मर्यादा आहे. रोजचा त्रास म्हणजे डोळ्यांत पाणी, घशात खवखव, हातावर चट्टे आणि काहींना दमा. नाकाला वासाची सवय होते, हे त्याहून वाईट. "आम्हाला आता वास येतच नाही" हे जुन्या तंत्रज्ञांचं वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका.

दुसरी अडचण रेणूंची. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं आणि आरएनएची त्याहून वाईट गत करतं. सायटोसिनमध्ये असे बदल होतात की सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए वाचताना) खोटं म्युटेशन दिसू शकतं. स्लाइड बघून निदान करण्यापुरतं काम होतं तोवर हे कुणाला खुपत नव्हतं. आता फुप्फुसाच्या कर्करोगाच्या त्याच इवल्याशा तुकड्यातून जनुकीय चाचणीही करायची असते, तेव्हा खुपतं.

४. एकच सरळ पर्याय सांगा ना.

सर्व कामांना चालेल असा एकही नाही. कारण रसायनात कमी आणि सव्वाशे वर्षांच्या सवयीत जास्त आहे.

एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाच्या, स्लाइडवर पेशीचं केंद्रक कसं दिसतं, क्रोमॅटिन किती खरखरीत, साइटोप्लाझम किती गुलाबी, हे सगळं आपण फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांवर शिकलो. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगातली मोकळी, काचेसारखी केंद्रकं हे त्याचं ठळक उदाहरण. ती दिसण्यात फॉर्मॅलिनचा आणि पॅराफिनचा (मेणाचा) मोठा हात आहे. त्याच गाठीच्या फ्रोझन सेक्शनमध्ये (गोठवून कापलेल्या चकतीत) ती बऱ्याचदा दिसत नाहीत. फिक्सेटिव्ह बदललं की डोळ्यांना पुन्हा शिकावं लागतं.

आयएचसीचं, म्हणजे अँटिबॉडी वापरून ठरावीक प्रथिनं रंगवण्याचं, तर विचारूच नका. बाजारातली बहुतेक अँटिबॉडी फॉर्मॅलिन-पॅराफिन ब्लॉकवर बसवलेली असते. उष्णता देऊन अँटिजेन मोकळं करायची पद्धत १९९१ मध्ये आली, तीही फॉर्मॅलिनचे पूल सोडवण्यासाठीच. स्तनाच्या कर्करोगात हर-टू या प्रथिनाच्या आणि हार्मोन रिसेप्टरच्या तपासणीसाठी अमेरिकन तज्ज्ञ संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं थेट सांगतात की तुकडा काढल्यापासून तासाभरात फिक्सेटिव्हमध्ये जावा आणि न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहावा. ट्रास्टुझुमॅबसारखं महागडं औषध द्यायचं की नाही, हे त्या रिपोर्टवर ठरतं. तिथे प्रयोग करायची जागा नाही.

म्हणून कर्करोगाच्या नेहमीच्या कामासाठी फॉर्मॅलिन राहणार आणि ठरावीक तपासण्यांसाठी पर्याय वापरायचे, अशी आजची व्यवहार्य विभागणी आहे.

५. अल्कोहोल तर प्रत्येक लॅबमध्ये असतंच. तेच का नको?

अल्कोहोल पूल बांधत नाही. ते पाणी ओढून घेतं आणि प्रथिनं गोठवतं, अंडं उकडल्यावर पांढरा भाग गोठतो तसं. न्यूक्लिक ॲसिड बरीच चांगली टिकतात, ग्लायकोजेन टिकतं आणि बऱ्याच अँटिबॉडींना उष्णतेची गरज उरत नाही. पण तुकडा आक्रसतो, बाहेरची कड टणक होते, लाल पेशी फुटतात. मायक्रोटोमवर (पातळ चकत्या कापणाऱ्या यंत्रावर) असा ब्लॉक ठिसूळ लागतो आणि रिबन, म्हणजे चकत्यांची पट्टी, तुटते.

छोट्या तुकड्यांसाठी आणि सायटोलॉजीसाठी (सुट्या पेशींच्या तपासणीसाठी) मात्र अल्कोहोलच राजा. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची स्लाइड) ९५% एथेनॉलमध्ये ओली असतानाच बुडवायची असते, तिथे फॉर्मॅलिनचं काही काम नाही. उलट शेजारी उघड्या ठेवलेल्या फॉर्मॅलिनच्या वाफेने स्मिअर बिघडते, म्हणून एफएनएसीच्या (सुईने काढलेल्या पेशींच्या) स्लाइड आणि बायोप्सीचा डबा एकाच पिशवीत घालून पाठवू नका.

आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. महाराष्ट्रात शुद्ध एथिल अल्कोहोल साठवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. त्या कागदपत्रांच्या कंटाळ्यानेच कित्येक लॅब टिश्यू प्रोसेसिंगला आयसोप्रोपिल वापरतात. वर अल्कोहोल ज्वालाग्राही. कुरिअरवाल्याला खरं सांगितलं तर तो पार्सल घेत नाही.

६. कार्नॉय आणि मेथाकार्न कधी?

कार्नॉय म्हणजे एथेनॉल ६०, क्लोरोफॉर्म ३०, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १० भाग. एथेनॉलच्या जागी मिथेनॉल घातलं की मेथाकार्न. अल्कोहोल तुकडा आकसवतं आणि ॲसेटिक ॲसिड फुगवतं, त्यामुळे आकार बऱ्यापैकी सावरला जातो. छोटा तुकडा तास-दोन तासांत तयार होतो. कार्नॉयचा एक छान उपयोग म्हणजे आतड्याच्या चरबीतल्या लिम्फ नोड शोधणं. चरबी पारदर्शक होते आणि नोड पांढरट ठिपक्यांसारखे वर येतात.

क्लोरोफॉर्म मात्र काही साळसूद नाही. फॉर्मॅलिनचा धोका टाळायला क्लोरोफॉर्म हुंगत बसण्यात शहाणपण नाही.

७. ग्लायॉक्सलबद्दल बरंच ऐकलंय.

आजच्या घडीला फॉर्मॅलिनच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय हाच. ग्लायॉक्सल हेही अल्डिहाइडच, दोन कार्बनचं. पाण्यात ते असं बांधलेलं राहतं की हवेत जवळजवळ उडतच नाही. त्यामुळे वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. स्लाइड बरीचशी ओळखीची दिसते, छोट्या बायोप्सी लवकर फिक्स होतात.

उणिवाही आहेत. नेहमीची ग्लायॉक्सल द्रावणं आम्लधर्मी असतात, त्यामुळे लाल पेशी फुटून नुसत्या सावल्या उरतात आणि बारीक कॅल्सिफिकेशन विरघळू शकतात. मॅमोग्राफीत कॅल्सिफिकेशन दिसलं म्हणून बायोप्सी केली आणि स्लाइडवर तेच गायब, हा घोळ कुणालाच परवडणारा नाही. फिश (चमकत्या रंगाने जनुकं दाखवणाऱ्या) तपासणीतही अडचणी नोंदल्या गेल्या आहेत. इटलीत तुरिनच्या जान्नी बुसोलाती यांच्या गटाने द्रावणातलं आम्ल काढून टाकलेलं ग्लायॉक्सल पुढे आणलं आणि त्यात यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या. लक्ष ठेवण्यासारखं काम आहे.

वास नाही म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र समजू नका. ग्लायॉक्सलने त्वचेला ॲलर्जी होते आणि युरोपीय वर्गीकरणात ते जनुकीय बदल घडवण्याचा संशय असलेल्या पदार्थांत आहे. हातमोजे तिथेही हवेतच.

८. पॅक्सजीन, यूएमफिक्स, आरएनएलेटर वगैरे?

पॅक्सजीन टिश्यू ही दोन टप्प्यांची पद्धत आहे. मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिडवर आधारलेल्या द्रावणात आधी फिक्स करायचं, मग स्टॅबिलायझरमध्ये ठेवायचं. डीएनए-आरएनए उत्तम मिळतात आणि त्याच ब्लॉकवर एच अँड ईसुद्धा होतं. यूएमफिक्स हे मायामी विद्यापीठातून आलेलं मिथेनॉल आणि पॉलिएथिलीन ग्लायकोलचं मिश्रण. दोन्ही संशोधनासाठी आणि बायोबँकेसाठी छान आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबला रोज पन्नास गर्भाशय आणि पित्ताशय त्यात घालणं खर्चाच्या दृष्टीने शक्यच नाही.

आरएनएलेटर हे अमोनियम सल्फेटचं तीव्र द्रावण. ते आरएनए जपण्यासाठी आहे. स्लाइड बघायची असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

झिंक क्षारांचं एक द्रावण आहे, १९९४ मध्ये बेकस्टेडने दिलेलं, ज्यात फॉर्मॅलिन नसतं आणि लिम्फोसाइटवरचे नाजूक अँटिजेन छान टिकतात. "झिंक फॉर्मॅलिन" म्हणून मिळतं ते वेगळं, त्यात फॉर्मॅलिन असतंच.

९. बुअँचं द्रावण पिवळं असतं, म्हणजे त्यात फॉर्मॅलिन नसतं ना?

असतं. संपृक्त पिक्रिक ॲसिड ७५, तीव्र फॉर्मॅलिन २५, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ भाग. वृषणाच्या बायोप्सीत केंद्रकं सुरेख दिसतात, म्हणून वंध्यत्वाच्या तपासणीत ते आजही मागतात. पण डीएनएची वाट लागते, आणि पिक्रिक ॲसिड सुकलं तर स्फोटक होतं. कपाटात मागे पडलेल्या बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर ती बाटली उघडू नका.

झेंकर आणि बी-५ ही पाऱ्याची द्रावणं. अस्थिमज्जा आणि लिम्फ नोडसाठी जुने पॅथॉलॉजिस्ट त्यांची अजून आठवण काढतात, आणि स्लाइड खरंच देखण्या येत. पण पारा नाल्यात जातो. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराला मान्यता दिली आहे. हा विषय मिटला.

१०. मध आणि गूळ वापरून फिक्सेशन होतं म्हणे. खरं की थट्टा?

खरं. भारतातल्या दंतमहाविद्यालयांच्या ओरल पॅथॉलॉजी विभागांत यावर बरंच काम झालं आहे, तुर्कस्तानातही मधावर झालं. मधाचं साधारण २० टक्के आणि गुळाचं ३० टक्के पाण्यातलं द्रावण घेऊन छोटे तुकडे त्यात ठेवले. एच अँड ई बऱ्याच नमुन्यांत फॉर्मॅलिनच्या तोडीचं आलं. फ्रुक्टोजचं आम्लधर्मी द्रावणात विघटन होऊन अल्डिहाइड तयार होतात आणि ते प्रथिनांना जोडतात, असं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे फिरून अल्डिहाइडवरच आलो.

आता अडचणी. कोल्हापूरचा गूळ आणि नगरचा गूळ एकसारखा नसतो, एकाच गुऱ्हाळातल्या दोन ढेपासुद्धा नसतात. साफसफाईला चुना, भेंडी, हायड्रॉस, काय काय घातलेलं असतं. प्रत्येक खेपेला द्रावणाचा सामू वेगळा. चार-सहा दिवसांत त्यावर बुरशी धरते. मोठ्या नमुन्यात ते आत किती शिरतं याचा भरवसा नाही. आणि ज्या लॅबमध्ये साखरेच्या डब्यालाही मुंग्या लागतात तिथे गुळाच्या पाण्याचे डबे मांडून बघा.

कॉलेजच्या प्रबंधाला विषय उत्तम. रुग्णाचा एकुलता एक तुकडा त्यात घालू नका.

११. फॉर्मॅलिन मुळीच चालत नाही अशा तपासण्या कोणत्या?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. तुकडा एकदा फॉर्मॅलिनमध्ये पडला की परत फिरता येत नाही.

मानेतली लिम्फ नोड घ्या. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. सर्जन नोड काढतो, नर्स सवयीने आख्खी नोड फॉर्मॅलिनच्या डब्यात टाकते. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (पेशींचा पुंजका) दिसतो, नेक्रोसिस (मेलेला भाग) दिसतो, पण जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे कळायला कल्चर हवं, आणि कल्चरसाठी जिवंत जंतू उरलेला नसतो. नोडचे ताजेपणीच दोन भाग करा. अर्धा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या झटपट जनुकीय चाचणीसाठी), अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. लिम्फोमाचा संशय असेल तर आणखी एक छोटा भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशी यंत्रातून ओळखण्यासाठी) ताजा पाठवा.

त्वचेवर फोड येणारे आजार, म्हणजे पेम्फिगस वगैरे. डायरेक्ट इम्युनोफ्लोरेसन्ससाठी (चमकत्या अँटिबॉडीच्या तपासणीसाठी) फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा तुकडा मिशेल्स मीडियम या जपणाऱ्या द्रावणात जातो. त्यात तो काही दिवस तग धरतो. मिशेल्स हाताशी नसेल आणि २४ तासांत लॅब गाठता येत असेल तर साधं सलाईन चालतं. एच अँड ईसाठी दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. दोन डब्यांची अदलाबदल झाली की दोन्ही तुकडे वाया.

किडनी बायोप्सीचे तीन वाटे होतात: फॉर्मॅलिन, मिशेल्स किंवा सलाईन, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटाराल्डिहाइड. स्नायूची बायोप्सी सलाईनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फावर, त्याच दिवशी पोचवायची. सलाईनमध्ये तरंगत नाही ठेवायची, आणि फॉर्मॅलिन तर नाहीच.

गाउटची गाठ हा या यादीतला माझा आवडता प्रकार. युरेटचे स्फटिक पाण्यात विरघळतात आणि फॉर्मॅलिन म्हणजे ९० टक्के पाणीच. स्लाइडवर उरतात त्या स्फटिकांच्या रिकाम्या, पिसासारख्या जागा आणि भोवती जमलेल्या जायंट पेशी. अनुभवी माणूस त्यावरून ओळखतो, पण पोलराइज्ड प्रकाशात स्फटिक चमकताना दाखवायचे असतील तर गाठ थेट ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये टाकावी लागते.

१२. फॉर्मॅलिनशिवाय नुसतं व्हॅक्यूम पॅक करून पाठवतात, ते काय आहे?

हेही तुरिनचंच, २००८ च्या आसपासचं. ऑपरेशन थिएटरमध्ये नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून सील करायचा, ४ अंश सेल्सिअसला ठेवायचा आणि थंडच लॅबला न्यायचा. तिथे पॅथॉलॉजिस्ट ताजा नमुना बघतो, कापतो आणि मग लागेल तेवढेच तुकडे फॉर्मॅलिनमध्ये घालतो. थिएटरमधल्या परिचारिकांना फॉर्मॅलिन हाताळावं लागत नाही आणि बादल्याच्या बादल्या द्रावण वाचतं.

मला हा सगळ्यांत समंजस उपाय वाटतो. मात्र त्यासाठी थिएटर आणि लॅब एकाच इमारतीत, निदान एकाच शहरात हवं. गडचिरोलीहून नागपूरला एसटीच्या पार्सलने येणाऱ्या नमुन्याला हे लागू नाही. मे महिन्यात तर नाहीच.

१३. रात्री ऑपरेशन झालं आणि फॉर्मॅलिन संपलंय. काय करू?

तुकडा सलाईनने ओलसर गॉजमध्ये, बंद डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी पहिलं काम फॉर्मॅलिन आणायचं करा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. साध्या पाण्यात नको, पेशी फुगतात. दिवसभरात फॉर्मॅलिन मिळणारच नसेल तर छोटा तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला आणि तसं फॉर्मवर लिहा.

१४. फॉर्मॅलिनच वापरायचं तर त्रास कमी कसा करायचा?

इथे खर्च थोडा आणि फायदा जास्त आहे.

आधी खोलीकडे बघा. बऱ्याच ग्रॉसिंग रूममध्ये एक्झॉस्ट पंखा छताजवळ असतो. टेबलावरची वाफ त्या पंख्याकडे जाताना तुमच्या नाकावरूनच जाते. हवा टेबलाच्या मागच्या कडेने किंवा टेबलाच्या जाळीतून खाली ओढली गेली पाहिजे. तयार ग्रॉसिंग स्टेशन महाग वाटलं तर स्थानिक फॅब्रिकेटरकडून टेबलाच्या उंचीचा हूड करून घ्या, पण डक्ट इमारतीच्या बाहेर आणि कुणाच्या खिडकीपासून लांब सोडा. स्प्लिट एसी हवा थंड करतो, बाहेर टाकत नाही. दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेली ग्रॉसिंग रूम ही सगळ्यांत वाईट व्यवस्था.

मोठे नमुने कापण्याआधी फॉर्मॅलिनमधून काढून वाहत्या पाण्याखाली चांगले धुवा. एवढ्यानेच डोळ्यांची आग निम्म्याने कमी झाल्याचं जाणवेल. तीव्र फॉर्मॅलिन पातळ करायचं काम रोज मगाने ओतून करू नका. शक्य असेल तर तयार बफर्ड द्रावण आणि आधीच भरलेले छोटे डबे घ्या. टिश्यू प्रोसेसरचं फॉर्मॅलिन बदलताना आणि जुने नमुने टाकताना वाफ सर्वाधिक असते, ती कामं खोलीत गर्दी नसताना करा.

फॉर्मॅलिनमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड कधीही मिसळू नका. हाड मऊ करायची घाई असेल तरीही. त्यातून बिस-क्लोरोमिथाइल ईथर तयार होऊ शकतं आणि ते फॉर्मॅलिनपेक्षाही घातक कर्ककारक आहे. आधी फिक्स करा, धुवा, मग ॲसिड.

१५. एन-९५ मास्क लावला तर?

त्याने धुळीचे कण अडतात, वायू अडत नाही. सर्जिकल मास्कचा तर प्रश्नच नाही. सांडलेलं आवरायचं असेल तर फॉर्माल्डिहाइडसाठीचं काट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. हातमोजे नायट्राइलचे वापरा.

१६. लॅबमधली सहकारी गरोदर आहे.

ग्रॉसिंग आणि प्रोसेसरचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. तिने मागायची वाट बघू नका.

१७. डबा कसला हवा? फॉर्मॅलिन किती?

रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा, आणि फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट. गर्भाशय ताजं असताना मऊ असतं आणि दामटून पाण्याच्या बाटलीत जातं. दुसऱ्या दिवशी ते कडक होतं आणि निघत नाही. मग लॅबमधला पोरगा ब्लेडने बाटली कापत बसतो, फॉर्मॅलिन त्याच्या हातावर सांडतं, आणि गर्भाशयाचा आकार बाटलीसारखा झालेला असतो. लेबल झाकणावर लावू नका, डब्याच्या अंगावर लावा. झाकणं बदलतात.

१८. वापरलेलं फॉर्मॅलिन बेसिनमध्ये ओतलं तर चालतं का?

नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत टाकाऊ फॉर्मॅलिनचा नाव घेऊन उल्लेख आहे. ते पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रव कचऱ्यात येतं. वेगळं गोळा करून प्रक्रिया केल्याशिवाय सांडपाण्यात सोडता येत नाही. तुकडे पिवळ्या पिशवीत जातात. फॉर्मॅलिनवर ब्लीच ओतायची युक्तीही करू नका, त्यातून नको ते वायू निघतात.

१९. गोव्यात माशांत सापडलं म्हणून गाजलं ते हेच फॉर्मॅलिन?

हो, हेच. जुलै २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या वादावरून गोवा सरकारने मासळीची आयात काही दिवस बंद केली होती. तुकडा जसा सडत नाही तसा मासाही सडत नाही, हिशेब तोच. नातेवाइकांपैकी कुणी बायोप्सीचा डबा बघून "ते माशातलं?" असं विचारलं तर हो म्हणा, आणि झाकण उघडू नका हेही सांगा.

२०. आमच्या लॅबला पर्याय वापरून बघायचा आहे. सुरुवात कुठून?

जिथे चुकलं तरी रुग्णाचं नुकसान होणार नाही तिथून. मोठ्या नमुन्यातून निदानाला लागणारे ब्लॉक फॉर्मॅलिनमध्ये घ्या आणि शेजारचाच जादा तुकडा नव्या द्रावणात घाला. दोन्हींचं प्रोसेसिंग एकाच वेळी. स्लाइडवर फक्त नंबर ठेवा, कुठली कशातली हे न सांगता दोन पॅथॉलॉजिस्टना दाखवा. केंद्रक, साइटोप्लाझम, लाल पेशी, कडांची आकसण यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगा. मग पीएएस, रेटिक्युलिन, झेडएन असे रोजचे स्पेशल स्टेन.

आयएचसी सर्वांत शेवटी आणि प्रत्येक अँटिबॉडी स्वतंत्रपणे. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१४ मध्ये नव्या अँटिबॉडीसाठी दहा पॉझिटिव्ह आणि दहा निगेटिव्ह नमुने, आणि औषधाचा निर्णय ठरवणाऱ्या मार्करसाठी वीस-वीस, असा किमान आकडा दिला होता. फिक्सेटिव्ह बदलणं म्हणजे सगळ्या अँटिबॉडी नव्याने बसवणं. हा हिशेब मांडला की बहुतेक लॅब फक्त छोट्या बायोप्सींपुरता बदल करतात, किंवा ते पैसे हूडवर घालवतात. दोन्ही निर्णय योग्यच आहेत.

२१. फॉर्मॅलिनशिवाय दुसऱ्या कशात नमुना पाठवला तर फॉर्मवर काय लिहू?

द्रावणाचं पूर्ण नाव, तुकडा शरीरातून काढल्याची वेळ आणि द्रावणात टाकल्याची वेळ. कंपनीचं तयार द्रावण असेल तर नावाखाली बॅच नंबर. डब्यावरही द्रावणाचं नाव ठळक लिहा, कारण फॉर्म आणि डबा वेगवेगळ्या हातांत जातात. नाव नसलेल्या पारदर्शक द्रावणात आलेला तुकडा लॅब फॉर्मॅलिनमधलाच धरते, आणि नंतर हर-टू निगेटिव्ह आलं तर ते ट्यूमरमुळे की द्रावणामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.